हौशी विमानबांधणी आणि गिरकीची कसोटी : महाराष्ट्रातील प्रयत्नांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील विमानविद्येचा विषय निघाला की दोन प्रसंगांचा उल्लेख हटकून होतो. पहिला प्रसंग शिवकर बापूजी तळपदे यांचा. १८९५ साली मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर त्यांनी मानवविरहित विमान उडविले असे सांगितले जाते. दुसरा प्रसंग कॅप्टन अमोल यादव यांचा. कांदिवलीच्या चारकोप भागातील राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भरलेल्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांसमोर आणले. या दोन प्रसंगांत सव्वाशे वर्षांच्या आसपास अंतर आहे. परंतु दोहोंबाबत समाजाने विचारलेला प्रश्न एकच आहे : विमान उडाले काय?

हा प्रश्न स्वाभाविक आहे, पण विमानविद्येच्या इतिहासाला तो पुरत नाही. जमीन सोडणे ही विमानाची पहिली परीक्षा होय. त्यापुढची परीक्षा अधिक कठोर आहे. हवेत विमान वैमानिकाच्या हातून निसटले, पंख त्याला धरून ठेवीनासे झाले आणि ते स्वतःभोवती गरगर फिरत खाली येऊ लागले, तर ते पुन्हा ताब्यात येते काय, हे या परीक्षेत पाहिले जाते. इंग्रजीत या अवस्थेस 'स्पिन' म्हणतात. मराठीत 'गिरकी' हा शब्द तिला चपखल बसतो; मात्र नर्तकीची गिरकी तिच्या इच्छेने सुरू होते आणि इच्छेने थांबते, विमानाच्या गिरकीत नेमकी हीच इच्छा हरवलेली असते. प्रस्तुत निबंधात हलक्या विमानांच्या, विशेषतः घरी बांधलेल्या विमानांच्या, गिरकी-चाचणीचा इतिहास महाराष्ट्रातील प्रयत्नांच्या संदर्भात तपासण्यात आला आहे. विमान बांधणे एकट्या माणसाला साधते. त्याची गिरकी तपासणे मात्र संस्थेवाचून साधत नाही, ही या निबंधाची भूमिका आहे.

तळपदे यांच्या प्रयोगाविषयी येथे एवढेच नोंदविणे पुरेसे आहे की, उंची, वेग, वजन किंवा स्थैर्य यांचे कोणतेही समकालीन मोजमाप त्या प्रयोगाच्या पाठीशी नाही. त्यांच्या नावाशी पुढे जोडल्या गेलेल्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली छाननी केली आणि त्यात वर्णिलेली विमाने उडण्याजोगी नाहीत असा निर्वाळा दिला. तळपदे यांच्या जिद्दीला यामुळे उणेपणा येत नाही. परंतु मोजमापावाचून राहिलेले उड्डाण आख्यायिकेत जाते, हे त्यावरून दिसते.

गिरकी म्हणजे काय

पंख हवेला जो कोन करून पुढे जातो तो कोन एका मर्यादेपलीकडे वाढला की पंखाच्या वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि विमानाला उचलून धरणारा जोर एकाएकी घटतो. यास 'स्टॉल' म्हणतात. याचा इंजिन बंद पडण्याशी काहीही संबंध नाही, हे मुद्दाम सांगावे लागते, कारण वृत्तपत्रांत हा घोटाळा नेहमी होतो. स्टॉलच्या क्षणी विमान किंचित जरी एका बाजूला वळत असेल, तर त्या बाजूचा पंख दुसऱ्यापेक्षा अधिक खचतो. खचलेल्या पंखावर हवेचा अवरोध वाढतो, त्यामुळे विमान त्याच बाजूला आणखी वळते, आणि वळल्यामुळे तो पंख आणखी खचतो. हे चक्र स्वतःच स्वतःला पोसते. विमान नाक खाली करून मळसूत्राच्या वाटेने उतरू लागते. गुरुत्वमध्य मागे असेल तर नाक वर उचलले जाऊन 'सपाट' गिरकी लागते, आणि तीतून सुटका अनेकदा होतच नाही.

येथे माणसाची उपजत प्रवृत्ती त्याच्या विरुद्ध जाते. जमीन वर येताना दिसली की हात आपोआप दांडा मागे ओढतो. त्यामुळे स्टॉल कायम राहतो. विमान डावीकडे कलले की हात दांडा उजवीकडे नेतो; त्यामुळे बहुतेक विमानांत गिरकी अधिक घट्ट होते. सोडवणुकीचा सर्वमान्य क्रम याच्या उलट आहे. प्रथम इंजिनाची शक्ती कमी करावयाची, पंखांच्या टोकांकडील एलेरॉन मध्यावर आणावयाचे, गिरकीच्या उलट दिशेचे रडर पूर्ण दाबावयाचे आणि त्यानंतर दांडा पुढे करावयाचा. फिरणे थांबताच रडर मध्यावर आणून विमान सावकाश वर घ्यावयाचे. यात उंची खर्च होते. सेसना १५२ या सुपरिचित प्रशिक्षण विमानाच्या पुस्तिकेत एका फेऱ्याच्या गिरकीसाठी व सुटकेसाठी किमान १,००० फूट उंची गृहीत धरावी, सहा फेऱ्यांसाठी त्याच्या दुपटीहून काहीशी अधिक धरावी, असे सांगितले आहे. विमानतळावर उतरण्यासाठी वळण घेणाऱ्या विमानापाशी एवढी उंची नसते. प्राणघातक अपघात तेथेच घडत आले आहेत.

भयाकडून मोजमापाकडे

विमानाच्या पहिल्या दशकात गिरकी म्हणजे मृत्यू असे समीकरण होते. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमधील सॅलिसबरी पठारावर लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क यांचे अ‍ॅव्हरो विमान गिरकीत सापडले. सर्व उपाय थकल्यावर त्यांनी वळणाच्या उलट बाजूचे रडर दाबले आणि जमिनीपासून सुमारे ५० फुटांवर विमान सावरले. पाहणाऱ्यांनी व स्वतः पार्क यांनी त्या काही सेकंदांची बारकाईने नोंद केली म्हणून तो प्रसंग ज्ञानात जमा झाला. पार्क त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसऱ्या एका अपघातात मरण पावले, पण नोंद मागे उरली.

पुढचे पाऊल फार्नबरो येथील सरकारी विमान कारखान्यात पडले. १९१६ मध्ये फ्रँक गुडन यांनी मुद्दाम गिरकी घेऊन सुटका करून दाखविली. १९१७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक लिंडेमन स्वतः उड्डाण शिकले आणि गिरकीत असताना उपकरणांवरील आकडे टिपत राहिले. संकटात आपणहून शिरून ते मोजणे, ही पद्धत येथून रूढ झाली. त्यानंतर गिरकीसाठी उभी वातविवरे आली. अमेरिकेत लँगली येथे १९४१ मध्ये वीस फूट व्यासाचे वातविवर सुरू झाले. त्यात खालून वर वाहणाऱ्या हवेत विमानाची छोटी प्रतिकृती फिरत सोडली जाते.

या प्रयोगांतून एक गोष्ट निर्विवाद ठरली. गिरकीत विमानाचे भवितव्य त्याच्या शेपटीवर अवलंबून असते. आडव्या शेपटीमुळे विस्कटलेल्या हवेच्या सावलीत रडर झाकले गेले, तर वैमानिकाने ते कितीही दाबले तरी उपयोग होत नाही. शेपटीचा आडवा भाग काही इंच पुढे-मागे वा वर-खाली नेल्याने विमानाचा स्वभाव बदलतो. वजन पंखांत अधिक आहे की धडात, यावरही सुटकेची युक्ती बदलते. कागदावरील गणित येथे दिशा दाखविते, परंतु हमी देत नाही.

बेगमपेठ आणि प्रशिक्षणाचा काळ

भारतात हौशी उड्डाणाची सुरुवात फ्लाइंग क्लबांतून झाली. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना मुंबईत वैमानिकाचा परवाना मिळाला. मराठवाड्याची वाट मात्र वेगळी होती. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निझामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे येथील माणसासाठी उड्डाणाचे केंद्र जुहू नसून हैदराबादचे बेगमपेठ होते. दुसऱ्या महायुद्धात बेगमपेठला हवाई दलाची पहिल्या क्रमांकाची प्राथमिक उड्डाण प्रशिक्षण शाळा चालत असे. तेथे टायगर मॉथ ही दुपंखी विमाने वापरली जात आणि गिरकी व तीतून सुटका हा अभ्यासक्रमाचा भाग असे.

टायगर मॉथचे उदाहरण या विषयात बोलके आहे. सौम्य स्वभावाचे म्हणून नावाजलेले हे विमान. पण युद्धकाळात त्याच्यात बदल होत गेले, वजन वाढले, आणि गिरकीतून सुटण्यास ते अळंटळं करू लागले. तेव्हा चाचण्या घेऊन शेपटीपुढे धडावर दोन अरुंद पट्ट्या बसविण्यात आल्या. हजारोंच्या संख्येने बनलेल्या विमानाची ही अवस्था. त्याच्यामागून आलेल्या पर्सिव्हल प्रेंटिसची शेपटीही चाचण्यांत रडर अपुरे ठरल्याने बदलावी लागली होती. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ही विमाने परवान्याखाली साठांहून अधिक बनविली गेली.

घाटगे यांचा वारसा

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने डिसेंबर १९४० मध्ये स्थापिलेल्या याच कारखान्यात डॉ. विष्णु माधव घाटगे हे आरंभीच्या भारतीय अभियंत्यांपैकी एक होते. घाटगे कोल्हापूर जिल्ह्यातले, जन्म १९०८ चा. जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पृष्ठभागालगतचा हवेचा पातळ सीमास्तर कसा वाहतो आणि केव्हा सुटतो, हे प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये प्रथम समजावून दिले होते. स्टॉलचे मूळ तेथेच आहे. मराठी मुलखातील एक विद्यार्थी या विषयाच्या उगमापाशी जाऊन शिकून आला, ही बाब मराठी विज्ञानेतिहासात जितकी गाजावयास हवी होती तितकी गाजलेली नाही. चौपाटीवरील उड्डाण घरोघरी ठाऊक आहे. घाटगे मात्र अभियांत्रिकीच्या वर्तुळाबाहेर फारसे कुणाला माहीत नाहीत.

घाटगे यांच्या नेतृत्वाखाली आरेखित झालेले एच. टी.-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान ऑगस्ट १९५१ मध्ये कॅप्टन जमशेद मुन्शी यांनी प्रथम उडविले. सुमारे १७० विमाने तयार झाली आणि हवाई दलात त्यांनी टायगर मॉथची जागा घेतली. प्राथमिक प्रशिक्षणाच्या विमानावर दुहेरी जबाबदारी असते. ते सहजासहजी गिरकीत जाऊ नये, पण शिकविण्यासाठी नेले तर जावे आणि नवख्या हातानेही बाहेर यावे. १९५८ मध्ये उडालेले 'पुष्पक' हे ९० अश्वशक्तीचे हलके विमान याच परंपरेतले. दीडशेच्या आसपास पुष्पक विमाने बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोहोचली. घाटगे यांच्या कामामागे कारखाना होता, वेतनावरील चाचणी-वैमानिक होता, वातविवर होते आणि चुकलेले आरेखन पुन्हा करण्याची मुभा होती. हौशी बांधकाम करणाऱ्याची तुलना यानंतर करावी लागते.

घरी बांधलेले विमान : प्रत्येक प्रत पहिलीच

कारखान्यात बनणाऱ्या विमानाच्या मूळ नमुन्याची गिरकी-चाचणी होते आणि पुढच्या सर्व प्रती त्या नमुन्याबरहुकूम असल्याने तिचा लाभ त्यांना मिळतो. घरी बांधलेल्या विमानाचे तसे नसते. बांधणारा इंजिन बदलतो, आसन मागे सरकवितो, रंगाचा एक थर वाढवितो, पंखांच्या जोडणीत अर्ध्या अंशाचा फरक राहतो. एकाच नकाशावरून बांधलेली दोन विमाने गिरकीत भिन्न वागू शकतात.

अमेरिकेत हौशी बांधकामाला संघटित रूप १९५३ मध्ये आले. त्या वर्षी पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकी येथे 'एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' स्थापिली. तेथील नियमानुसार विमानाचा अर्ध्याहून अधिक भाग हौसेने व शिकण्याच्या हेतूने बांधलेला असावा लागतो. अशा विमानाला विरळ वस्तीवरील ठरावीक आकाशात चाचणीचे तास पूर्ण करावे लागतात. हे तास सामान्यतः २५ किंवा ४० असून प्रमाणित इंजिन व पंखा असेल तर कमी मर्यादा लागू होते. ब्रिटनमध्ये पूर्वीची पॉप्युलर फ्लाइंग असोसिएशन, आताची लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन, शासन आणि बांधणारा यांच्यामध्ये उभी राहते. तिचे निरीक्षक बांधकामाच्या टप्प्याटप्प्यावर पाहणी करतात.

आरेखनातील धोका किती दडलेला असतो याचे एक उदाहरण अमेरिकेतीलच आहे. जिम बीड यांनी हौशी बांधकामासाठी आखलेले बी. डी.-१ पुढे कारखान्यात ए. ए.-१ यँकी या नावाने बनू लागले. या विमानात मुद्दाम गिरकी घेण्यास मनाई होती. नासाने १९७० च्या दशकात हलक्या विमानांच्या गिरकीचा जो मोठा अभ्यास हाती घेतला त्यात यँकी हे एक प्रमुख प्रायोगिक विमान होते. शेपटीला आपत्कालीन पॅराशूट बांधून त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या, आणि सपाट गिरकीत रडर व दांडा निरुपयोगी ठरल्यावर त्या पॅराशूटनेच विमान सोडविले. याच अभ्यासातून पंखाच्या बाहेरच्या भागाची पुढची कड खाली वाकविण्याची युक्ती पुढे आली. तीमुळे पंखांची टोके उशिरा खचतात आणि गिरकी लागण्याची शक्यता घटते. आकाराने लहान विमानासाठी लागलेली ही साधनसामग्री गच्चीवर उभी राहणे शक्य नाही.

चारकोप ते धुळे

कॅप्टन यादव हे जेट एअरवेजमधील वैमानिक होते. टी. ए. सी.-००३ हे त्यांच्या विमानाचे नाव. त्याआधीही त्यांनी विमानबांधणीचे प्रयत्न केले होते. गच्चीवर अनेक वर्षे चाललेले हे काम कुटुंबाच्या पैशावर उभे राहिले. विमान क्रेनने खाली उतरवावे लागले, हे दृश्य वृत्तपत्रांतून सर्वदूर पोहोचले. नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या क्रमांकाने त्याची नोंदणी झाली, फेब्रुवारी २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार झाला, ऑक्टोबर २०१९ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून उड्डाणाची परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणीचा पहिला टप्पा पार पडल्याचे जाहीर झाले.

या घटनाक्रमाकडे पाहिले असता एक विसंगती लक्षात येते. प्रदर्शन २०१६ चे, नोंदणी २०१७ ची, उत्पादनाचा करार २०१८ चा आणि उड्डाणाची परवानगी त्यानंतरची. विमान हवेत कसे वागते हे कळण्यापूर्वीच ते किती संख्येने बनवावे याची बोलणी झाली. यात यादव यांचा दोष काढण्याचे कारण नाही. बांधणाऱ्याला पैसा व जागा लागतेच. परंतु शासन व वृत्तपत्रे यांनी गच्ची, गहाण पडलेले घर आणि क्रेन यांना जेवढे महत्त्व दिले, त्याच्या अंशानेही चाचणीच्या कार्यक्रमाला दिले नाही. वर्षानुवर्षे चर्चा झाली ती कागद कुठे अडला याची.

सहा आसनी विमानाच्या बाबतीत गिरकीचा प्रश्न दोन आसनी विमानाहून अवघड असतो. पुढच्या आसनावर एकटा वैमानिक असताना गुरुत्वमध्य पुढे राहतो; मागच्या रांगेत माणसे व सामान आले की तो मागे सरकतो, आणि गुरुत्वमध्य मागे सरकणे म्हणजे सपाट गिरकीच्या दिशेने सरकणे होय. म्हणून चाचणी एका भारावर करून भागत नाही. हलक्या विमानांच्या सामान्य वर्गासाठी अमेरिकी नियमांत दीर्घकाळ अशी अट होती की, एक फेरा किंवा तीन सेकंद गिरकी घेतल्यावर पुढच्या एका फेऱ्याच्या आत विमान सुटले पाहिजे. कसरतीच्या वर्गासाठी सहा फेरे आणि दीड फेऱ्यात सुटका अशी अट होती. हे डावीकडे व उजवीकडे, इंजिनाची शक्ती असताना व नसताना, पंखांच्या झडपा उघड्या व मिटलेल्या ठेवून, गुरुत्वमध्याच्या पुढच्या व मागच्या सीमेवर करून पाहावे लागते. त्यासाठी हजारो फुटांची मोकळी उंची, झटक्यात सुटणारे दार, वैमानिकाच्या पाठीवर पॅराशूट आणि जमिनीवर नोंदी घेणारी माणसे लागतात. धावपट्टीलगतच्या उड्डाणांतून यांतले काहीही कळत नाही.

सर्व साधने हाताशी असलेल्या संस्थेलाही हे किती जड जाते, याचे उदाहरण देशातच आहे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे एच. जे. टी.-३६ हे जेट प्रशिक्षण विमान ७ मार्च २००३ रोजी उडाले. पहिले उड्डाण सुरळीत झाले, पण स्टॉल व गिरकीतील वर्तन समाधानकारक ठरेना. उभ्या शेपटीची जागा बदलण्यात आली, परदेशी बनावटीचे गिरकी-पॅराशूट बसविण्यात आले, २०१९ मध्ये सुधारित विमान पुन्हा उडविण्यात आले आणि जानेवारी २०२२ मध्ये डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंना सहा फेऱ्यांच्या गिरकीची क्षमता सिद्ध झाल्याचे घोषित झाले. पहिल्या उड्डाणापासून या टप्प्यापर्यंत जवळपास एकोणीस वर्षे गेली.

यातून सुटण्याची एक आडवाट अलीकडच्या काळात निघाली आहे. १९९८ मध्ये प्रमाणित झालेल्या सिरस एस. आर.-२० या अमेरिकी विमानात संपूर्ण विमानालाच खाली उतरविणारे पॅराशूट बसविले असून नियामकाने गिरकीतून सुटकेच्या पारंपरिक पुराव्याऐवजी ते ग्राह्य धरले. हौशी बांधकामालाही ही वाट मोकळी आहे, मात्र पॅराशूटचे वजन व त्याच्या दोऱ्या धडाला कोठे जोडावयाच्या याचा हिशेब पुन्हा आरेखनातच करावा लागतो.

भारतात हवाई क्षेत्राचे नियमन दीर्घकाळ १९३४ च्या विमान कायद्याखाली आणि १९३७ च्या नियमांखाली चालले. त्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे. महासंचालनालय एका टोकाला आणि गच्चीवरचा बांधणारा दुसऱ्या टोकाला, यांच्यामध्ये अमेरिका किंवा ब्रिटनमधील संघटनांच्या तोडीची मध्यस्थ व्यवस्था मात्र उभी राहिलेली नाही. बांधकाम चालू असताना शेपटीचा नकाशा पाहून रडर झाकले जाते आहे असे सांगणारा अनुभवी निरीक्षक, चाचणीसाठी उसने मिळणारे गिरकी-पॅराशूट आणि पहिल्या गिरकीसाठी बांधणाऱ्याच्या जागी बसणारा तयार वैमानिक, या तीन गोष्टी अशा व्यवस्थेकडून मिळाव्या लागतात. त्या नसतील तोवर पुढच्या गच्चीवरील माणसाला आपल्या विमानाची पहिली गिरकी एकट्यानेच घ्यावी लागेल, किंवा ती न घेताच मागच्या आसनांवर माणसे बसवावी लागतील.